कोंबडीचं तिकीट

शिनोळीत गाडी थांबली ती थांबलीच.
कंडक्टर म्हणाला, उतरा.
काल तिकडं आमच्या गाडीला काळं फासलं,
रात्री इकडं त्यांच्या.
चालत जावा, बाचीतनं मिळेल दुसरी.

कुणी काही बोललं नाही.
टपावरनं काजूबियांचं पोतं उतरलं,
एक शिलाई मशीन, बिनपायाचं,
आणि मागच्या दारातनं द्रौपदाआत्या,
काखेत कोंबडी.
माहेराहून निघाली होती उचगावला,
रिकाम्या हातानं कशी जाईल?

मी सरहद्द बघितलीय.
हत्त्याला, मस्कतच्या बसमधनं, रात्री दोन वाजता.
बॅगा सिमेंटवर ओळीनं मांडायला लावल्या
आणि एक कुत्रं नाक लावत पुढं पुढं गेलं.
माझ्या बॅगेशी जरा रेंगाळलं :
आत आईनं दिलेली कारळ्याची चटणी.
काचेमागच्या पोरगेल्या साहेबानं विचारलं,
इंडियात कुठं?
बेळगाव, म्हटलं.
ते कुठं आलं?
मी शब्द जुळवतोय तोवर
मागनं भरमा कंग्राळकर म्हणाला, महाराष्ट्र,
आणि त्याच्या मागनं मल्लाप्पा, कर्नाटक.
एका गल्लीतले दोघं,
एकाच नळावर घागरी आपटलेले.
साहेब हसला नाही.
शिक्का मारला.

इथं शिक्का नाही.
डांबर बदलतं फक्त,
चपलेखालचा आवाज थोडा खरखरीत होतो.
खिशातला फोन थरथरतो : आपलं स्वागत आहे.
पाट्यांवरची अक्षरं गोल होत जातात,
आणि ट्रॅक्टर उलटे येत असतात समोरनं
तिकडचं स्वस्त डिझेल भरून.

चौकीपाशी आत्याच्या चपलेचा अंगठा तुटला.
पोलीस उभा होता, काठी भिंतीला टेकवून, चहा पीत.
धर रे जरा, म्हणाली,
आणि कोंबडी दिली त्याच्या हातात.
त्यानं धरली.
पदराच्या टोकाची पिन काढून
आत्या अंगठा जोडत बसली रस्त्याच्या कडेला,
निवांत, जसं काही अंगणच.
कोंबडी फडफडली तेव्हा तो कन्नडात काहीतरी पुटपुटला.
ती गप्प झाली.

बाचीतनं लाल गाडी मिळाली.
आधार, कंडक्टर म्हणाला, बायकांना.
आत्यानं चोळीतनं बटवा काढला,
बटव्यातनं प्लॅस्टिक, प्लॅस्टिकातनं कार्ड.
हे माझं नाव, मला म्हणाली, बोट ठेवून.
असं म्हणतात.
तिला ते वाचता येत नाही. मलाही.
तिकीट निघालं शून्य रुपयांचं.

आणि कोंबडीचं अर्धं, तो म्हणाला.

का? बायकांना फुकट की नाही?
फुकट.
मग ही कोण? बाप्या हाय काय?

आधी मागची सीट हसली, मग ड्रायव्हर,
मग ज्यांना कुणीतरी सांगावं लागलं ते.
कंडक्टरनं मान हलवली.
मग हिचं आधार दाखवा की ओ आजी.

आत्या विचारात पडली, खरंच पडली.
मग मलाच म्हणाली, दे बाबा सुट्टे,
कायदा तो कायदा.

उचगाव फाट्याला ती उतरली.
जोडलेली चपल जपत, एक पाय ओढत,
आणि काखेतनं मागं वळून बघणारी कोंबडी.
दोन्ही तिकिटं माझ्या हातात राहिली,
माझं पूर्ण, तिचं अर्धं.

हिंडलग्याला चेकर चढला.
तिकिटं बघितली. मला बघितलं.
चष्मा वर करून पुन्हा तिकिटं.
मग वाकून सीटखाली बघत विचारलं,
मराठीत, अगदी नीट :
कोंबडी कुठाय?

ती पोचली घरी, म्हटलं.